खत मिळाले, पण काठ खचला

नत्रखताची मात्रा जास्त झाली की भात हिरवागार दिसतो, उंच वाढतो आणि वाऱ्याच्या पहिल्याच झोताने लोळतो, हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील खाजणांमध्ये शास्त्रज्ञांना असाच प्रकार आढळला. तेथे मात्र गवताबरोबर जमीनही ढासळली.

उष्ण प्रदेशातील खाड्यांच्या काठी जशी खारफुटी, तशी थंड प्रदेशातील किनाऱ्यांवर खारे पाणी सोसणाऱ्या गवतांची खाजणे असतात. स्पार्टिना हे त्यातील प्रमुख गवत. भरतीचे पाणी नाल्यांवाटे आत शिरून गाळ टाकते आणि गवताची मुळे तो धरून ठेवतात. मेलेली मुळे प्राणवायूअभावी सावकाश कुजतात व त्यांचे थर साचत जातात. समुद्राची पातळी वाढत असताना खाजणही उंचावत राहते, ते या मुळांच्या बळावर. लाटांचा जोर कमी करणे आणि माशांना आसरा देणे ही कामे ते विनामूल्य करते.

शेते, हिरवळी आणि सांडपाणी यांतून वाहून येणारे नत्र खाजणे गाळून घेतात व त्यांना त्याची बाधा होत नाही, असा समज दीर्घकाळ होता. तो निराधारही नव्हता. मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट सिपेविसेट येथे जॉन टील आणि आयव्हन व्हॅलिएला यांनी १९७०च्या दशकात लहान तुकड्यांवर खत टाकून पाहिले, तेव्हा गवत जोमाने वाढले होते.

त्याच राज्यातील प्लम आयलंड खाडीत लिंडा डीगन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निराळी पद्धत अवलंबिली. खत जमिनीवर न टाकता संपूर्ण नाल्यांमध्ये, भरतीच्या पाण्यातच नायट्रेट मिसळण्यात आले. तेही प्रदूषित खाड्यांमध्ये आढळते तेवढ्याच प्रमाणात. तुलनेसाठी जवळचे नाले तसेच ठेवले गेले.

आरंभीची काही वर्षे चिंतेचे कारण दिसले नाही. जमिनीखाली मात्र वेगळेच घडत होते. अन्न आयते मिळू लागल्याने नाल्याकाठच्या गवताला फारशा मुळांची गरज उरली नाही. दुसरीकडे, नायट्रेटच्या साह्याने सूक्ष्मजीव जमिनीतील सेंद्रिय द्रव्य अधिक वेगाने कुजवू लागले. वर भार वाढला, खाली पकड सुटली. काठांना भेगा पडल्या, गवताचे मोठे लगदे नाल्यात कोसळले आणि मागे चिखल उरला. नऊ वर्षांच्या निरीक्षणांचे हे निष्कर्ष २०१२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या पडझडीचा फटका ममिचॉग या लहान माशालाही बसला. भरतीबरोबर गवतात शिरून तो अन्न मिळवतो. प्रारंभी खाद्य वाढल्याने त्याची संख्या वाढली. पुढे काठ ढासळून गवतात जाण्याची वाट तुटली, तेव्हा ती घटली. पहिल्या दोन-तीन वर्षांतच प्रयोग संपवला असता, तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता.

संवर्धनाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. अमेरिकेत १९७२च्या स्वच्छ जल कायद्यानंतर पाणथळ जागांवर भराव घालण्यास आळा बसला. परंतु भराव रोखला म्हणजे खाजण वाचले, असे होत नाही. त्याला पोखरणारे नत्र कित्येक मैल आतल्या शेतांतून आणि शहरांतून येते. खाजण राखायचे, तर सांडपाण्यातील नत्र उगमाशीच काढून टाकणे आणि पिकाला लागेल तेवढेच खत देणे, हाच मार्ग उरतो. वरची हिरवाई हे खाजणाच्या आरोग्याचे लक्षण नव्हे. त्याचे आयुष्य मुळांवर अवलंबून असते.