घड्याळाचा तास की मीटरचा तास?

सभासद बंधु-भगिनींनो,

ऊसतोडीला यंत्र आले, तसे तंटेही नव्या तऱ्हेचे आले. पूर्वी शेतकी ऑफिसच्या दारात भांडण यायचे ते मुकादमाच्या उचलीचे. आता येते ते तासांचे. गेल्या हंगामात असाच एक तंटा माझ्यापुढे आला. नावे सांगत नाही. दोघेही कष्टाचे धनी, दोघांच्याही डोक्यावर बँकेचे हप्ते. पण त्यांच्या भांडणात तिसऱ्याचाच ऊस वाळला, म्हणून हे लिहावे लागले.

हकीकत अशी. हार्वेस्टर मालकाचा कारखान्याशी करार टनावर. यंत्र ऊस बुडख्यातून कापते, कांड्या करते आणि शेजारून चालणाऱ्या इनफिल्डर ट्रॉलीत टाकते. शेजारी ट्रॉली नसेल तर यंत्र जागेवर उभे. म्हणून मालकाने शेजारच्या गावचा एक ट्रॅक्टर इनफिल्डरला लावला. दर तासाला ७०० रुपये, डिझेल-ड्रायव्हर ट्रॅक्टरवाल्याचे. बोलणे झाले चहाच्या टपरीवर. कागद नाही, साक्षीदार नाही.

साठ दिवसांनी हिशेब निघाला. ट्रॅक्टरवाल्याच्या वहीत ६१२ तास. मालकाने ट्रॅक्टरचा मीटर वाचला, तर ४१८ तास. फरक १९४ तासांचा, म्हणजे १,३५,८०० रुपयांचा!

मालक म्हणाला, "मीटर खोटं बोलत नाय. मला कारखाना टनावर पैसे देतो, बसल्याचे कोण देतंय?"

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मग माझा ड्रायव्हर काय बाभळीखाली झोपा काढायला आला व्हता? तुमचं यंत्र बंद पडलं, त्यो माझा दोष का?"

शब्दाला शब्द लागला. ट्रॅक्टरवाल्याने भरलेली ट्रॉली बांधावर सोडली आणि ट्रॅक्टर घेऊन गावाकडे गेला. ऊस होता एका वयस्कर सभासद बाईंचा. ट्रॉली काट्यावर गेली दुसऱ्या दिवशी दुपारी. अखंड मोळीपेक्षा कांडी केलेला ऊस लवकर खराब होतो, कारण प्रत्येक कांडीला दोन उघडी तोंडे. तिथून पाणी उडते, जंतू शिरतात, साखर मोडते. वजनातली घट बाईंची. उताऱ्यातली घट मात्र सगळ्या सभासदांची, कारण उतारा कारखान्याचा सरासरी धरला जातो.

मीटर काय मोजतो?

दोघांना गट ऑफिसात बसविले. पहिली गोष्ट ध्यानात आली ती मीटरची. त्या जुन्या ट्रॅक्टरचा तासमापक इंजिनच्या फेऱ्यांवर चालणारा. इंजिन ठराविक वेगाने फिरले तरच त्याचा तास घड्याळाच्या तासाएवढा भरतो. यंत्राशेजारी संथ चालताना फेऱ्या कमी, म्हणून मीटरही मागे. दोन दिवस घड्याळ आणि मीटर शेजारी ठेवून पाहिले. सात तास इंजिन चालले की मीटर सहा दाखवी. या हिशेबाने ४१८ चे सुमारे ४८८ तास होतात. म्हणजे १९४ पैकी ७० तास ट्रॅक्टरवाल्याने खरोखर काम केले होते. मीटर खोटा नव्हता, पण तो मोजत होता इंजिनच्या फेऱ्या. माणसाचा दिवस त्याला कुठला ठाऊक?

उरले १२४ तास, इंजिन बंद असलेले. स्लिप बॉयची वही, काट्याच्या पावत्यांवरची वेळ आणि दोन्ही ड्रायव्हरांचे सांगणे जुळवून त्यांची वाटणी केली:

१) ट्रॅक्टर पंक्चर, ड्रायव्हर गैरहजर : २२ तास.
२) हार्वेस्टर नादुरुस्त : ६२ तास.
३) यार्डात वाहने तुंबली, गव्हाण बंद, रिकामी गाडी फडात आली नाही : ४० तास.

मग निवाडा सोपा झाला. ७० तासांचे पूर्ण दराने ४९,००० रुपये. पहिल्या कलमाचे शून्य. दुसऱ्याचे अर्ध्या दराने, कारण डिझेल जळाले नाही, पण ट्रॅक्टर आणि ड्रायव्हर अडकून राहिले : २१,७०० रुपये. तिसऱ्यात दोघांचाही दोष नाही, म्हणून अर्ध्या दराचाही निम्मा भार मालकाने सोसला, निम्मा ट्रॅक्टरवाल्याने : ७,००० रुपये. एकूण ७७,७०० रुपये. दोघेही थोडे नाराज झाले, आणि दोघांनीही सही केली. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर फडात आला.

आपलाही वाटा आहे

आता जरा कडू बोलतो. ते ४० तास कुणाचे? यार्ड भरलेले असताना तोड चालू ठेवली ती आमच्या शेतकी खात्याने. याची कबुली द्यायला मला लाज वाटत नाही, ती सुधारली नाही तर वाटेल. आणि ६२ तासांतले काही तास फडातल्या दगडांनी खाल्ले. बुडखा कापणारी पाती दगडावर गेली, की यंत्र थांबलेच.

कुणी म्हणेल, ठेकेदारांच्या भांडणात सभासदाला काय? तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या एफआरपीतून वजा होतो, हे विसरू नका. सन २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरली, पण हातात पडते ती हा खर्च जाऊन. वाया गेलेला प्रत्येक तास कधी ना कधी त्या खर्चात चढतो.

सबब पुढील गोष्टी पाळाव्यात, ही विनंती :

• पोटठेक्याचा करार साध्या कागदावर का होईना, दोन प्रतींत लिहावा. तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात.
• तास घड्याळाचा की मीटरचा, हे पहिल्या ओळीत लिहावे.
• थांबल्या वेळेचा दर आणि कुणामुळे थांबले तर कुणी द्यायचे, हे आधीच ठरवावे.
• रोज संध्याकाळी तासांची नोंद करून दोघांनी सही करावी. साठ दिवसांची आठवण कुणालाच धड राहत नाही.
• हिशेब दर पंधरवड्याला चुकता करावा.
• वाद झालाच तर आधी गट ऑफिसला यावे. भरली ट्रॉली बांधावर सोडू नये.
• यंत्राने तोड घेणाऱ्या सभासदांनी लागणीतच पाच फुटी सरी ठेवावी. तोडीआधी दगड, ठिबकच्या नळ्या काढाव्यात, पाणी वेळेत तोडावे.

जाता जाता त्या ड्रायव्हरचे सांगतो. निवाडा झाल्यावर तो हळूच म्हणाला, "साहेब, त्या बसल्या दिवसांची माझी हजेरी?" ट्रॅक्टरवाला खाली बघू लागला. मालकाकडे थांबल्या तासाचे पैसे मागणाऱ्याने आपल्या माणसाचे थांबलेले तास धरलेच नव्हते! तेही तिथेच, त्याच कागदावर लिहून घेतले.

तास वरच्याचा असो की खालच्याचा, तो साठ मिनिटांचाच.

आपला,
ऊस विकास अधिकारी