बाह्य हार्ड डिस्कवरील नोंदी नाहीशा झाल्यास

प्राथमिक शाळांच्या दप्तरात अलीकडच्या वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. तळहाताएवढी, काळ्या आवरणाची बाह्य हार्ड डिस्क ही ती वस्तू होय. लोखंडी कपाटात हजेरीपत्रके व जनरल रजिस्टर यांच्या शेजारी ती ठेवलेली असते. निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे तीत साठविलेली असतात; काही शाळांतून तर जीर्ण झालेल्या जुन्या जनरल रजिस्टरांच्या पानांची छायाचित्रेही. या शेवटच्या संग्रहाचे मोल विशेष आहे. जन्मतारीख व जात यांच्या पुराव्यासाठी आजोबांच्या नावाची नोंद शोधीत लोक शाळेत येतात, आणि वाळवीने खाल्लेल्या पानाचे छायाचित्र दुसऱ्यांदा घेता येत नाही.

अशी डिस्क एके दिवशी संगणकास जोडावी आणि फोल्डर रिकामे दिसावे, असा प्रसंग कोणत्याही शाळेवर येऊ शकतो. त्या वेळी पहिल्या अर्ध्या तासात जे केले जाते त्यावर पुढचे बरेचसे अवलंबून राहते. मूळ बिघाड किरकोळ असूनही, नोंदी परत आणण्याच्या घाईत त्या कायमच्या गमावल्या गेल्या, असे पुष्कळदा घडते. घाई का घातक ठरते हे कळण्यासाठी डिस्कवर नोंद कशी राहते हे पाहिले पाहिजे.

नेहमीच्या डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या गोल तबकड्या असतात. लहान बाह्य डिस्कमधील तबकडी बहुधा मिनिटास ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ९०. तिच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर वाचन-लेखनाचे शीर्ष तरंगत असते. तबकडीवर फाईलचा मजकूर एका ठिकाणी आणि ती फाईल कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका दुसऱ्या ठिकाणी लिहिलेली असते. फाईल पुसली म्हणजे सामान्यतः मजकूर पुसला जात नाही. अनुक्रमणिकेत केवळ ‘ही जागा मोकळी’ अशी खूण होते. पुस्तकाचे अनुक्रमणिकेचे पान फाटले तरी धडे जागेवर असावेत, तशीच ही स्थिती. मात्र मोकळी म्हणून नोंदलेल्या जागेवर नवीन फाईल लिहिली गेली की जुना मजकूर खरोखरच नष्ट होतो, आणि मग कोणताही तंत्रज्ञ तो परत आणू शकत नाही.

यास्तव नोंदी दिसेनाशा होताच त्या डिस्कवर काहीही लिहू नये. नवीन फाईल ठेवू नये, परत मिळविण्याचा प्रोग्राम त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नये, आणि ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ असा संदेश पडद्यावर आल्यास त्यास होकार देऊ नये. त्या संदेशाचा अर्थ इतकाच की संगणकास अनुक्रमणिका वाचता येत नाही. मजकूर गेला आहे असे तो सांगत नाही. होकार दिल्यास मात्र कोरी अनुक्रमणिका तयार होते आणि पुढचे काम अवघड होऊन बसते.

यानंतर पाहणी करावी. डिस्क संगणकात मुळीच दिसत नसेल तर प्रथम केबल बदलून व दुसऱ्या यूएसबी जागेत जोडून पाहावे. डेस्कटॉप संगणकाच्या पुढील बाजूच्या जागांना कधी कधी पुरेशी वीज मिळत नाही; मागील बाजूस जोडताच तीच डिस्क बिनतक्रार चालू लागते. डिस्क दिसत असून फोल्डर रिकामे असेल, तर डिस्कच्या गुणधर्मांत जाऊन वापरलेली जागा किती ते वाचावे. ही एक तपासणी सर्वांत उपयोगी असूनही बहुतेक जण ती करीत नाहीत. वापरलेली जागा पूर्वीइतकीच असेल तर फाईली गेलेल्या नसून दृष्टीआड झाल्या आहेत. छपाईच्या दुकानांतून आणि अनेक हातांतून फिरणाऱ्या पेन ड्राइव्हमधून एक विषाणू शाळांच्या संगणकांत शिरतो. तो मूळ फोल्डर लपवितो व त्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट मांडतो. अशा शॉर्टकटवर क्लिक केल्यास विषाणू पुन्हा चालू होतो. म्हणून डिस्क विषाणूमुक्त संगणकास जोडावी, अँटिव्हायरसने तपासावी आणि मग लपविलेल्या फाईली दाखविण्याची सोय चालू करावी. फाईली बहुधा जशाच्या तशा सापडतात.

वापरलेली जागा पूर्वीइतकीच आहे आणि फाईली दिसतातही, परंतु त्यांच्या नावांपुढे अनोळखी शेपूट लागले आहे व पैसे मागणारी चिठ्ठी ठेवलेली आहे, असे दिसल्यास ते खंडणीखोर विषाणूचे काम समजावे. डिस्क तत्काळ वेगळी करावी, फाईली पुसू नयेत व जाणकारास दाखवावे.

जागा कमी झालेली दिसली तर फाईली पुसल्या गेल्या असाव्यात. विंडोज प्रणालीत बाह्य हार्ड डिस्कवरून पुसलेली फाईल सहसा त्याच डिस्कवरील कचरापेटीत जाते आणि डिस्क जोडलेली असताना ती रिसायकल बिनमध्ये दिसते. तेथे अवश्य पाहावे. पेन ड्राइव्हच्या बाबतीत अशी सोय बहुधा नसते. आणखी एक कारण असे की काही प्रोग्राम संगणकावरील फोल्डर व डिस्कवरील फोल्डर सतत एकसारखे ठेवतात. संगणकावर चुकून एखादे फोल्डर पुसले गेले की हा आज्ञाधारक प्रोग्राम डिस्कवरूनही ते पुसतो. तो आपले काम चोख करीत असतो. त्यास बॅकअप समजण्यात मात्र गफलत होते.

फाईलींची नावे व आकार बरोबर दिसतात, पण उघडल्यावर एकही उघडत नाही, अशी तक्रार असल्यास डिस्क कोठून घेतली हे विचारावे. अत्यल्प किमतीत प्रचंड क्षमतेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बनावट डिस्कांत आत लहानसे मेमरी कार्ड बसविलेले असते. संगणकास ती मोठी क्षमता सांगते, आणि खरी जागा भरली की नवा मजकूर जुन्यावर लिहिते किंवा सोडून देते. तो मजकूर परत मिळणे शक्य नसते.

लेखन चालू असताना वीज जाणे किंवा केबल ओढली जाणे हे ग्रामीण शाळांतील नित्याचे कारण होय. अनुक्रमणिका अर्धवट लिहिली जाते व डिस्क वाचता येईनाशी होते. अशा वेळी ‘चेक डिस्क’ ही दुरुस्तीची आज्ञा देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ही आज्ञा अनुक्रमणिका सुसंगत करते. मजकूर वाचविणे हा तिचा उद्देश नव्हे. कित्येकदा ती तुटक तुकडे निरर्थक नावांनी एका फोल्डरात टाकून मोकळी होते. म्हणून महत्त्वाचा मजकूर दुसरीकडे उतरवून घेण्यापूर्वी ती देऊ नये.

डिस्कमधून टक-टक किंवा खरखर असा आवाज येत असेल, अथवा ती खाली पडली असेल, तर पाहणीही करू नये. शीर्ष तबकडीस घासत असल्यास प्रत्येक फेऱ्यागणिक लेप खरवडला जातो. डिस्क बंद करून ठेवावी. घरी आवरण उघडणे, फ्रीजमध्ये ठेवणे, हलकेच आपटून पाहणे हे ऐकीव उपाय कटाक्षाने टाळावेत. धुळीचा एक कणदेखील शीर्ष व तबकडी यांमधील अंतरापेक्षा मोठा असतो.

आवाज नसलेल्या व वाचता येणाऱ्या डिस्कवरून पुसलेल्या फाईली मिळविण्यासाठी फोटोरेक हा मोफत प्रोग्राम आहे. तो अनुक्रमणिका न पाहता मजकुराच्या खुणांवरून फाईली ओळखतो. मिळालेल्या फाईली नेहमी दुसऱ्या डिस्कवर ठेवाव्यात. या पद्धतीने मूळ नावे व फोल्डर मात्र परत येत नाहीत. हजारो छायाचित्रे क्रमांकांनी हाती येतात आणि रजिस्टराची पाने वर्षवार लावण्याचे काम शिक्षकांसच करावे लागते. प्रत्येक पानाचे छायाचित्र घेताना रजिस्टराचे वर्ष व पान क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चौकटीत ठेवली असेल, तर हे काम दिवसभरात उरकते. तबकडी नसलेल्या एसएसडी प्रकारच्या डिस्कांत पुसलेली जागा बऱ्याचदा आतूनच मोकळी केली जाते, म्हणून तेथे यशाची आशा कमी धरावी.

येथवर जे सांगितले ते डिस्क शाळेच्या कपाटात असताना लागू पडते. इंटरनेटला कायम जोडलेल्या डिस्कची गोष्ट निराळी. २०२१ च्या जून महिन्यात वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या डिस्का जगभरातील लोकांच्या घरी एकाएकी कोऱ्या झाल्या. २०१५ नंतर त्यांच्या आतील प्रोग्रामची सुधारणा झालेली नव्हती. त्यातील दोषामुळे परवलीचा शब्द न देता बाहेरून ‘मूळ स्थितीवर आणा’ ही आज्ञा देता येत होती, आणि ती दिली गेली. कंपनीने डिस्का इंटरनेटपासून तोडण्यास सांगितले, परंतु अनेकांचा वर्षांचा संग्रह तोवर गेला होता. ज्यांची दुसरी प्रत होती त्यांचे केवळ एक यंत्र वाया गेले.

पुष्कळ शाळांत संगणकावर जागा करण्यासाठी फाईली डिस्कवर हलविल्या जातात व त्यास बॅकअप म्हटले जाते. वस्तुतः तेथे एकच प्रत असते. फक्त तिचे घर बदललेले असते. किमान तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक शाळेच्या इमारतीबाहेर, हा संगणकक्षेत्रातील रूढ दंडक शाळेसही पेलण्याजोगा आहे: संगणकावर एक, डिस्कवर एक, आणि एक प्रत केंद्रशाळेत अथवा परवलीच्या शब्दाने सुरक्षित अशा ऑनलाइन साठ्यात. दर सत्राच्या अखेरीस डिस्क दुसऱ्याच संगणकास जोडून चार-पाच फाईली उघडून पाहाव्यात व तारीख डिस्कवर चिकटविलेल्या कागदावर लिहावी.

डिस्क दुरुस्तीस द्यावी लागल्यास ती परिचित व पावती देणाऱ्या ठिकाणीच द्यावी. तीत मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. काय घडले, कोणत्या तारखेस घडले आणि त्यानंतर डिस्कवर काय काय करून पाहिले, हे एका कागदावर लिहून सोबत द्यावे. शेवटची बाब सांगण्यास संकोच वाटतो, पण तंत्रज्ञास तीच सर्वांत आधी हवी असते.