दुकानाचं शटर थेट टेट मॉडर्नमध्ये!

चंदनसारच्या चित्रकारांनो, अतुल डोडिया यांचं काम पाहिलंय का? १९५९ साली जन्म, घाटकोपरला लहानाचे मोठे झाले, १९८२ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदवी. आणि चित्रांत काय येतं? सिनेमाचं पोस्टर, देवदेवतांचं कॅलेंडर, वर्तमानपत्रातली बातमी!

१९९४ सालच्या ‘द बॉम्बे बकनियर’मध्ये त्यांनी स्वतःलाच ‘बाजीगर’ सिनेमाच्या पोस्टरवरल्या नायकासारखं रंगवलं. पोस्टरवर शाहरुखच्या गॉगलमध्ये नायिका दिसतात. इथे एका काचेत डेव्हिड हॉकनी, दुसरीत भूपेन खख्खर. आपल्या आवडत्या चित्रकारांना असा मान द्यायला धाडस लागतं.

पण माझ्या मते त्यांचं सर्वांत जबरदस्त काम म्हणजे शटरवरची चित्रं. दुकानाला असतं तसंच पत्र्याचं, वर-खाली होणारं शटर. २००१ साली ती लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात लागली. ‘महालक्ष्मी’ या चित्रात शटरवर कॅलेंडरातली प्रसन्न लक्ष्मी आहे. शटर वर केलं की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या बहिणी दिसतात. अंगावर काटा येतो.

आपल्या विरार पूर्वेला शटरं, फ्लेक्स, रिक्षांमागची चित्रं यांना तोटा नाही. चित्रकला शिकणारं कुणी ओळखीचं असेल, तर ही पोस्ट त्यांना जरूर पाठवा.