व्हिजिट व्हिसावरून नोकरीकडे

नातेवाइकांकडे तीस किंवा साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर दुबईस अथवा शारजास जायचे, तेथेच मुलाखती द्यायच्या आणि नोकरी ठरली की तेथेच राहायचे, हा मार्ग आता आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. संयुक्त अरब अमिरातीत तो बेकायदेशीर नाही. देशाबाहेर न पडता, शुल्क भरून 'स्टेटस चेंज' करता येतो.

मात्र क्रम महत्त्वाचा. आधी नियुक्तिपत्रावर स्वाक्षरी, मग मनुष्यबळ मंत्रालयाचे वर्क परमिट; कंपनी मुक्त क्षेत्रातील असल्यास ते त्या क्षेत्राचे प्राधिकरण देते. त्यानंतर स्टेटस चेंज, रक्ततपासणी व छातीचा एक्स-रे, एमिरेट्स आयडी आणि निवास परवाना. ''कागद होत राहतील, तुम्ही उद्यापासून या,'' असे मालक म्हणाल्यास विनयाने नकार द्यावा. परमिटविना माणूस कामावर ठेवणाऱ्यास 2024 च्या दुरुस्तीनुसार एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. परंतु पकडले गेल्यास हद्दपारीची वेळ येते ती कामगारावर. आणि हाती करार नसल्याने थकलेला पगार मागणेही कठीण होते. मुदत उलटल्यास दररोज 50 दिरहम दंड निराळा. मंत्रालयाचे नियुक्तिपत्र हिंदीतही मिळते, मराठीत नाही. ते वाचूनच सही करावी. भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यास तेथील कायद्याची मनाई आहे, हे व्हिसाचे पैसे मागणाऱ्या दलालास ऐकवण्यास हरकत नाही.

दहावी न झालेल्या, म्हणजे 'ईसीआर' पारपत्र असलेल्या, ग्राहकांनी हा मार्ग टाळलेलाच बरा. अमिरातीसह अठरा देशांत नोकरीस जाताना त्यांना 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार ई-मायग्रेटमार्फत परवानगी लागते. त्या वेळी मालक व करार यांची नोंद भारत सरकारकडे होते. पर्यटक म्हणून गेलेल्याची अशी कोणतीही नोंद राहत नाही, आणि अडचणीत तीच उपयोगी पडते.

नोकरी पक्की होताच आपल्या शाखेस कळवावे. नोकरीसाठी परदेशी राहणारी व्यक्ती 'फेमा'नुसार अनिवासी ठरते. तिचे साधे बचत खाते 'एनआरओ' करून घ्यावे लागते. घरखर्चासाठी निवासी नातेवाइकाचे नाव त्यात 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' तत्त्वावर जोडता येते. पगार 'एनआरई' खात्यात पाठविल्यास त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते व रक्कम केव्हाही परत नेता येते. खाते बदलण्यासाठी पारपत्र व निवास परवान्याची प्रत लागते. व्हिजिट व्हिसाची प्रत त्यासाठी चालत नाही.