'संमती' या शब्दाचा अर्थ व देसाईगंजचा खटला

न्यायदानाविषयी लोकांत असंतोष उत्पन्न होतो तेव्हा विलंब, खर्च आणि लाच ही कारणे बहुधा पुढे केली जातात. पण एखाद्या शब्दाचा अर्थ न्यायालयाने एक व समाजाने दुसराच घेतल्यामुळेही असा असंतोष उद्भवतो, याचे एक उदाहरण विदर्भातीलच आहे. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे आमच्या मुर्रीपासून फारसे दूर नाही. तेथील पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. आरोपी दोघे पोलीसच होते.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निर्णय फिरवून दोघांस शिक्षा दिली. संमती निराळी आणि भयाने निमूटपणे वश होणे निराळे, हा भेद या खंडपीठाने केला. परंतु अंगावर इजेच्या खुणा नाहीत व प्रतिकाराचा पुरावा नाही, एवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये दोघांची सुटका केली.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने नागपूरचा भेदच ग्राह्य होय. 'संमती' हा शब्द सम् आणि मन् यांपासून सिद्ध झाला आहे. त्यात मनाचा व्यापार गृहीतच आहे. मराठीत 'राजी होणे' आणि 'मुकाट्याने सोसणे' यांची गल्लत कोणी निरक्षर मनुष्यही करीत नाही. मौन हे संमतीचे लक्षण, ही उक्ती मात्र आपण फार सैलपणे वापरतो. रात्रीच्या वेळी, दार लावलेल्या ठाण्यात, शिपायासमोर धरलेले मौन कशाचे लक्षण असणार? (शब्दाचा अर्थ प्रसंगाने ठरतो, हे आम्ही वर्गात नित्य सांगतो, न्यायासनास ते परके असू नये.)

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिशिक्षकांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. त्यांचाही मुख्य आक्षेप या अर्थावरच होता. पुढे १९८० मध्ये ठिकठिकाणी स्त्रियांनी मोर्चे काढले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध लोक असे रस्त्यावर येणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

१९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील अत्याचारासाठी स्वतंत्र तरतूद झाली. तसेच अशा खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. 'संमती'ची व्याख्या या कलमात येण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले. शब्दाने, खुणेने वा अन्य रीतीने व्यक्त केलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची मान्यता म्हणजे संमती. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून ती मानू नये, असे तीत म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. देसाईगंजच्या मुलीस यांपैकी कशाचाही लाभ झाला नाही. नवा दंडविधी मागील कृत्यास लागू होत नसतो. त्या दोन पोलिसांची सुटका कायमच राहिली.