इंधनाचा दाब वाढवला तर?

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून इथेनॉल बनते. हेच इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळतात. या मिश्रणामुळे इंजिनाच्या जुळणीचा एक प्रश्न निर्माण होतो.

१ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याला ९ ग्रॅम पुरते. २० टक्के मिश्रणासाठी हा आकडा सुमारे १३.५ येतो. म्हणजे तेवढ्याच हवेत आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडायला हवे.

मग इंधनाचा दाब वाढवावा का? इंजेक्टर ही विजेवर उघडझाप करणारी, बारीक छिद्रांची झडप असते. अनेक पेट्रोल गाड्यांत तिच्यामागे साधारण ३ बार दाब असतो. छिद्रातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे दाब ३ वरून ४ बार केला, तरी प्रवाह फक्त १५ टक्क्यांनी वाढतो.

वर्गात हे सहज दाखवता येईल. प्लॅस्टिकच्या उभट बाटलीला बुडाजवळ भोक पाडा. वरून पाणी ओतत राहून पातळी भोकापासून आधी ५ सेंमी व नंतर २० सेंमी उंचीवर स्थिर ठेवा. दोन्ही वेळा २० सेकंदांत बाहेर पडलेले पाणी मोजा. दाब चौपट झाला, तरी पाणी सुमारे दुप्पटच भरेल.

इंजिनाचा संगणक म्हणूनच दाबाला हात न लावता झडप उघडी ठेवण्याचा वेळ बदलतो. हा वेळ सेकंदाच्या काही हजारांश भागांइतका असतो. धूर बाहेर नेणाऱ्या नळीतील संवेदक किती ऑक्सिजन उरला ते सांगतो आणि त्यानुसार हा वेळ कमी-जास्त होतो. कोणी दाब वाढवलाच, तर संगणक वेळ कमी करून तो बदल बराचसा पुसून टाकतो. मात्र पूर्ण वेगाने गाडी पळवताना बहुधा संवेदकाचे ऐकले जात नाही. तेव्हा जादा इंधन अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक खराब होऊ शकतो. शक्ती वाढेलच असे नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तर अशी आपोआप दुरुस्तीच नाही. तिथे नव्या मिश्रणाने इंधन कमी पडते.

मग दाब तपासायचा कधी? गाळणी तुंबली किंवा पंप थकला की दाब घटतो. अशा वेळी दोष काढून तो उत्पादकाने ठरवलेल्या आकड्यावर आणावा, त्यापुढे नेऊ नये.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न घालावा: प्रवाह १० टक्क्यांनी वाढवायचा, तर दाब किती टक्क्यांनी वाढवावा लागेल?