नसलेल्या दाराला कुलूप लागत नाही

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत ‘फाइव्ह एस’ या जपानी कार्यपद्धतीचे फलक जागोजागी दिसतात. त्यांतील पहिला ‘एस’ म्हणजे सेइरी, अर्थात कामाच्या जागेवरील अनावश्यक वस्तू लाल चिठ्ठी लावून बाजूला काढणे. याच पट्ट्यातील तळवडे येथे औद्योगिक विकास महामंडळाचे सॉफ्टवेअर पार्क आहे, आणि तेथे लिनक्स सर्व्हर उभारताना पडद्यावर येणारा ‘मिनिमल’ की ‘सर्व्हर’ हा प्रश्न मुळात सेइरीचाच आहे.

रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स आणि तिच्या कुळातील रॉकी, अल्मा या प्रणालींत ‘मिनिमल’ निवडल्यास कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री आणि प्रोग्रॅम यांच्यामधला गाभा, आज्ञा घेणारे शेल, नवी पॅकेजे, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार संच, बसवणारा व्यवस्थापक आणि दूरवरून प्रवेश देणारी एसएसएच सेवा एवढाच मोजका संच बसतो. ‘सर्व्हर’ निवडल्यास त्यात ब्राउझरमधून यंत्र सांभाळण्याचा वेब कन्सोल आणि दोष शोधण्याची साधने यांची भर पडते.

प्रत्येक जादा पॅकेज म्हणजे उद्या सापडू शकणारी एक त्रुटी आणि ती बुजवण्याचे एक काम. हे तत्त्व लिनक्सच्या जन्माआधी सोळा वर्षे, 1975 मध्ये, जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकीय माहितीच्या संरक्षणावरील निबंधात मांडले होते. त्यांच्या आठ तत्त्वांतील पहिलेच ‘यंत्रणेची काटकसर’ हे आहे, कारण रचना लहान असेल तरच ती ओळीओळीने तपासता येते.

तरीही ‘मिनिमल’ म्हणजे सुरक्षित, हा दावा पुरा खरा नाही. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल आकसणाऱ्या संचाच्या 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. एसएसएचला या संचाची मुळात गरज नसताना, काही लिनक्स वितरणांनी सोयीसाठी केलेल्या जोडणीमुळे तो आडमार्गाने तिच्या आत पोहोचला होता. एसएसएचचे प्रवेश अर्ध्या सेकंदाने लांबल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, म्हणून अनर्थ टळला. पॅकेजांची यादी आखूड असणे पुरेसे नाही, यादीतील प्रत्येक घटक कोणाच्या आधारावर उभा आहे, हेही पाहावे लागते.

‘मिनिमल’ची दुसरी बाजू कारखान्यात दिसते. तेथील यंत्रांचे जाळे अनेकदा इंटरनेटपासून तोडलेले असते. रात्रपाळीत सर्व्हरचा संपर्क तुटला आणि जाळ्यावरून जाणारी माहिती टिपणारे ‘टीसीपीडम्प’ यंत्रावर नसेल, तर ते त्या घडीला आणायचे कोठून? यावरचा उपाय सगळेच आधी बसवून ठेवणे हा नसून, प्रणालीची पूर्ण प्रतिमा स्थानिक भांडार म्हणून जाळ्याच्या आत ठेवणे हा आहे. हत्यारे स्टोअरमध्ये असावीत, यंत्राच्या टेबलावर नव्हे.

कारखान्यात हत्यारे टांगण्याच्या फळीवर, म्हणजे शॅडो बोर्डवर, प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, त्यामुळे नाहीसा झालेला किंवा परका पाना लगेच नजरेत भरतो. लिनक्समध्ये हे काम किकस्टार्ट फाइल करू शकते: कोणती पॅकेजे बसवायची, हे त्या साध्या मजकुरात लिहिलेले असते, आणि महिन्यांनंतरही यंत्रावरील पॅकेजांची यादी तिच्याशी ताडून पाहता येते. म्हणून ‘मिनिमल’ निवडावे आणि पुढची प्रत्येक भर कारणासह त्या फाइलमध्ये नोंदवावी; ज्या पॅकेजापुढे कारण लिहिता येत नाही, त्याला लाल चिठ्ठी लागलीच पाहिजे.